कृष्णनाथ सर आधी काय करायचे

सुमंगलाबाई बाजारात नारळ घेताना तो दोनदा वाजवून बघत, आणि दुकानदाराने वाजवून दाखवला तर तिसऱ्यांदा. माणसांचंही तेच. सव्वीस वर्षं त्या कारापूरच्या पुढच्या एका लहानशा वस्तीच्या वाड्यावर सरकारी मराठी प्राथमिक शाळेत एकट्या शिकवत होत्या, आणि त्या सव्वीस वर्षांत त्यांना शिकवायचं कसं हे शिकवणारे पंधराएक जण येऊन गेले होते. त्या प्रत्येकाला पहिल्या तासाला त्या हात वर करून एकच प्रश्न विचारत, "सर, तुम्ही स्वतः पहिली-दुसरीला किती वर्षं शिकवलंत?"

एकजण आधी विमा विकायचे. एकजण कॉलेजात होते आणि त्यांनी सात वर्षांचं मूल घरच्या कार्यापलीकडे पाहिलं नव्हतं. एक बाई तर प्रश्न ऐकून चहाची सुट्टीच जाहीर करून मोकळ्या झाल्या. ही सगळी नावं आणि त्यांचे आधीचे धंदे सुमंगलाबाईंनी एका जुन्या वहीत टिपून ठेवले होते. पुढे कधीतरी कामी येईल, असं त्या म्हणत. कशाच्या कामी, ते त्यांनाच ठाऊक.

यंदा डिचोलीला बालकेंद्री शिक्षणाचं पाच दिवसांचं प्रशिक्षण लागलं. घ्यायला आले कृष्णनाथ सर, पेडण्याकडचे, पन्नाशीच्या आतले, किडकिडीत. आले ते थेट जमिनीवरच बसले. बाईंनी हात वर करून प्रश्न टाकला.

सर हसले. "बाई, तुमच्या वर्गात येईन तेव्हा सांगतो."

झालं! बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सांगण्यासारखं असतं तर माणूस तिथंच सांगतो. वर सरांकडे एक काळी डायरी, आणि कोणी आपल्या शाळेबद्दल बोलू लागलं की ते त्यात काहीतरी लिहून घेत.

बाईंनी छडा लावायला घेतला. शाळेत मुलांच्या दुपारच्या खाण्याचं बघणाऱ्या भाग्यलक्ष्मीला सगळीकडे नातेवाईक. ती दुसऱ्याच दिवशी बातमी घेऊन आली.

"बाई, माझो मावसभाव पेडण्याकडेन तुयेक फॅक्टरीत आसा. तो म्हणता, हो मनीस थंय स्टोअरात आसलो. माल मोजायचो."

मांद्र्याहून बाईंच्या मामेबहिणीने फोनवर सांगितलं, छे, हा तर गेस्टहाऊसात पाहुण्यांच्या बॅगा उचलायचा. आणि डिचोलीतल्या एका जुन्या ट्रकवाल्याने शपथेवर सांगितलं, की खाण चालू होती तेव्हा हाच माणूस गेटवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहायचा.

एका माणसाचे तीन धंदे, आणि तिन्हींत वर्ग कुठंच नाही. "ह्यात पाणी मुरता गो, भाग्यलक्ष्मी," बाई म्हणाल्या. "ट्रक मोजले, माल मोजला. आता ह्याला मुलं मोजायला धाडलाय."

हे त्या उगाच म्हणत नव्हत्या. दहापेक्षा कमी मुलांच्या शाळा जवळच्या शाळेत विलीन करणार, अशी कुजबुज वर्षभर चालू होती. बाईंच्या हजेरीपटावर अकरा नावं होती, पण वर्गात आठच मुलं बसत. तेजस्विनी, रेश्मा आणि तुषार ही तीन मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर काम संपलं म्हणून सिंधुदुर्गात परत गेली होती. येतील, येतील म्हणत बाईंनी त्यांची नावं कापली नव्हती. शाळा बंद झाली, तर ह्या आठांना ट्रकांच्या रस्त्याने चार किलोमीटर जावं लागणार होतं. मजुरांची मुलं ती. कोण सोडायला जाणार? दोन महिन्यांत घरी बसली असती. बाईंना ते स्वच्छ दिसत होतं, आणि त्या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

आणि सरांचा निरोप आला, सोमवारी तुमचा वर्ग बघायला येतो.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पण डोकं चालू होतं. त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी सेजल पलीकडच्या गावातल्या अनुदानित शाळेत तिसरीला होती, आणि रविवारच्या स्नेहसंमेलनाच्या बदल्यात त्या शाळेला सोमवारी सुट्टी होती. बाईंनी भावाला काहीबाही सांगून सेजल आणि तिच्या शेजारची दोन मुलं उचलून आणली. "आज तू तेजस्विनी हां. कोणी विचारलं तर तेजस्विनी." सेजलने मान हलवली. तिला ते फारसं आवडलं नसावं, पण आतेपुढे बोलायची तिची टाप नव्हती.

सर आले, मुलांत मांडी घालून बसले. हजेरीपट टेबलावर मुद्दाम उघडा ठेवलेला, त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि म्हणाले, "घरापासून शाळेपर्यंतची आपली रोजची वाट काढा. वाटेत जे दिसतं ते सगळं."

एवढंच? बाई खिडकीला टेकून जरा निर्धास्त झाल्या. कोणी भुंकणारा कुत्रा काढला, कोणी देवळाचा कळस, कोणी धूळ उडवणारा ट्रक. सेजल मात्र जीभ बाहेर काढून रंगवत होती. बाईंनी वाकून पाहिलं. कागदभर बालरथ, अनुदानित शाळांची ती बस! खिडक्याखिडक्यांतून पोरांची तोंडं, आणि वाटेच्या शेवटी दोन मजल्यांची शाळा. ह्या वाड्यावर बालरथ कधी फिरकला नव्हता, आणि इथली शाळा दोन खोल्यांची.

"नाव काय गो तुझं?" सरांनी विचारलं.

सेजलने आतेकडे पाहिलं. "तेजस्विनी."

"बस छान काढलीस. चालवतं कोण?"

पोरीचा चेहरा खुलला. "बाबलीकाका! तो माका रोज म्हणता, सेजल, हात भायर काढू नको!" आणि तिने तोंडावर हात ठेवला.

बिंग फुटलं. सरांनी डायरी उघडली नाही. मुलांना पाव खायला पाठवलं. बाईंना भीती वाटली, आणि भीती वाटली की त्यांना राग येई.

"लिहा," त्या म्हणाल्या. "ट्रकांचे नंबर लिहीत होतात, आता आमची मुलं लिहा. सगळं ठाऊक आहे मला तुमचं."

"ते तिन्ही खरं आहे," सर शांतपणे म्हणाले. "दहावीनंतर बॅगा उचलल्या. मग खाणीच्या गेटवर होतो. खाण बंद पडली, तुयेत गेलो. तिथं कामगारांची पोरं संध्याकाळी गेटपाशी गोळा व्हायची, त्यांना शिकवू लागलो. डी.एड. केलं तेव्हा पस्तिशीचा होतो. मग सहा वर्षं पहिली-दुसरी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर सहा." त्यांनी सेजलचा कागद उचलला. "आणि नऊ वर्षांचा होतो, तेव्हा तपासणीच्या दिवशी आमच्या गुरुजींनी मला गावातल्याच दुसऱ्या शाळेत नेऊन बसवला होता. रामचंद्र म्हणून. साहेबांनी विचारलेलं गणित मी एकट्याने सोडवलं. 'शाबास रामचंद्र' म्हणून त्यांनी मला कंपासपेटी दिली. संध्याकाळी गुरुजी म्हणाले, आण ती इकडे, ज्याची आहे त्याला देऊ."

बाईंच्या मनात आलं, ही गोष्ट ऐनवेळी रचलेली नसेल कशावरून?

तेवढ्यात सेजल दारात आली. हातातला पाव तिने खाल्लाच नव्हता.

"आते, आता मी परत सेजल होऊं?"

"हो गो बाय," एवढंच त्या कसंबसं म्हणाल्या.

एवढ्यावर विश्वास ठेवला असता, तर त्या सुमंगलाबाई कसल्या! रविवारी बस पकडून त्या पेडण्याच्या बाजारात गेल्या, आणि सरांच्या गावचा, त्यांच्याच वयाचा रामचंद्र विचारत विचारत एका भुसारी दुकानापाशी पोचल्या. गल्ल्यावर टक्कल पडलेला एक गृहस्थ बसला होता.

"कंपासपेटी?" तो बुचकळ्यात पडला. मग आठवून हसला. "होय गे बाई, गुरुजींनी दिली माका. पण कित्याक, ता माका आजून कळूंक ना. गणितात मी ढ. आणि तपासणीच्या दिवशी तर तापान घरात निजलेलो."

सोमवारी मुलं यायच्या आधीच बाईंनी हजेरीपट उघडला. तेजस्विनी, रेश्मा, तुषार, तिन्ही नावांवर पट्टी धरून त्यांनी लाल रेघ मारली आणि खाली एकूण आठ लिहिलं. आता शाळेचं काय होणार होतं ते होणार होतं. मग मुलं आली, आणि बाईंनी एकेकाकडे बघत आठ नावं मोठ्याने घेतली.