वळलेलं जहाज

पेट्रोल पंपावर डिझेलचा वास आला की मला धायरीतलं आमचं जुनं घर आठवतं, कारण सुट्टीवर आलेल्या धाकट्या भावाच्या बॅगेला तोच वास यायचा. समुद्रातल्या तेलविहिरींना पाइप, पाणी आणि इंधन पोचवणाऱ्या जहाजावर तो कामाला होता. कारखान्यातून निवृत्त झालेले बाबा रोज कॉम्प्युटरच्या नकाशावर ते जहाज शोधायचे. त्याची लांबी, वजन, इंजिनांची ताकद, सगळं त्यांना पाठ होतं. "दोन इंजिनं आहेत, एक बंद पडलं तरी दुसरं आणेल त्याला घरी," असं ते आईला सांगायचे. एका दुपारी त्यांनी आम्हाला हाक मारली. जहाज मध्येच वळून मुंबईच्या दिशेनं निघालं होतं. "अहो, म्हणजे सुट्टी मिळाली की काय त्याला?" म्हणत आईनं लगेच त्याच्या आवडीच्या साटोऱ्यांसाठी रवा भिजवला. तेवढ्यात कंपनीचा फोन आला. पाइप उतरवताना क्रेनचा दोर तुटला होता आणि भाऊ जागीच गेला होता. जहाज त्यालाच घेऊन परत येत होतं. "बरं. आपण कळवलंत," एवढंच बाबा म्हणाले. मग आम्ही तिघं स्क्रीनसमोर बसून राहिलो. ठिपका किनाऱ्याकडे सरकत होता आणि तो पोचूच नये असं मला वाटत होतं. बाबा आता थकलेत, माझ्याकडे खराडीत राहतात, पण ते जहाज अजूनही शोधतात. परवा म्हणाले, "आज पुन्हा बाहेर पडलंय. पोरं असतील त्याच्यावर."