भिंतीकडे तोंड

तेल्हाऱ्याच्या एस.टी. स्टँडमागे माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. सलग नापिकीची वर्षं, त्यामुळे पीकविम्याच्या अन् शिष्यवृत्तीच्या अर्जांना रांग कायम. गिऱ्हाईक पासवर्ड टाकायला लागलं की ते उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. "झालं का, काकाजी?" असं विचारायचे आणि होकार आल्यावरच वळायचे.

रांग लवकर सरावी म्हणून मी, गावातला स्वयंघोषित संगणकतज्ज्ञ, त्यांच्या ब्राउझरमध्ये एक फुकटचं प्लगइन टाकून दिलं. अर्ज आपोआप भरायला लागले. वर मी त्यांच्याकडून चहाही उकळला.

महिन्याभरात प्रत्येक पानावर जाहिराती उगवू लागल्या. त्यांनी मला बोलावलं आणि प्लगइनच्या परवानग्या मोठ्यानं वाचायला लावल्या. टाइप केलेलं सगळं वाचायची मुभा मीच न वाचता देऊन ठेवली होती.

"काढून टाकतो. कोणाचं काही गेलं तर नाही ना?" मी म्हणालो.

"सर, मी भिंतीकडं तोंड करून उभा रायलो, अन् हे सारं पाहून रायलं होतं."

प्लगइन त्यांनीच काढलं. मग शटर अर्धं ओढून रजिस्टरमधल्या पहिल्या नावाला फोन लावला. "काकाजी, पासवर्ड बदलून घ्या. चूक माह्याच हातानं झाली."

असे कितीतरी फोन झाले. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.