कूलरचं रिकामं खोकं

माझं डोकं तापलं की मी वाट्टेल ते बोलते. माझ्या कॉम्प्युटरचं डोकं तापलं की तो मुकाट बंद पडतो. दोघांत शहाणा तोच.

मी बिल्डर लोकांसाठी थ्रीडी चित्रं बनवते. मोशी-चिखलीकडचे जे टॉवर अजून पायातच आहेत, त्यांच्या हॉलमध्ये सोफा कसा शोभेल, बाल्कनीत ऊन कसं येईल, हे गिऱ्हाइकाला आधीच दाखवायचं. असलं एक चित्र तयार व्हायला कॉम्प्युटर तासन्‌तास राबतो. माझा तर एवढा तापायचा की अर्ध्यावरच मान टाकायचा. त्यात मोशीच्या एका स्कीमचं बुकिंग दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू होणार होतं आणि सगळी चित्रं माझ्याच गळ्यात. म्हटलं, बास झालं, आता लिक्विड कूलर घ्यायचाच.

आकुर्डीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई गेल्यापासून मी आणि पप्पा दोघंच. पप्पा मूळचे लातूरकडचे. जन्म गेला तो चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या मशीनवर. आता रिटायर. पाण्याने कॉम्प्युटर गार करायचा म्हटल्यावर त्यांनी आधी माझं तोंड न्याहाळून घेतलं, चेष्टा चाललीय का म्हणून. मग मी समजावलं. प्रोसेसरवर तांब्याचा तळ असलेला एक ठोकळा बसतो, त्यातला पंप पाणी फिरवतो, गरम झालेलं पाणी नळीतून रेडिएटरमध्ये जातं, तिथे पंखे ते गार करतात आणि ते परत खाली येतं. सगळं सीलबंद. म्हणजे गाडीसारखंच की, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

निवडताना मात्र मी त्यांचा जीव खाल्ला. मला तीन पंख्यांचा हवा होता, आणि खरं सांगते, त्याच्या पंख्यांतल्या रंगीत दिव्यांसाठी हवा होता. पप्पांनी त्यांची जुनी स्टीलची टेप काढली, एक टोक धरून बसले, मी मापं घेतली. वरच्या बाजूला तो मावेना, पुढे बसवावा तर ग्राफिक कार्ड आडवं येई. मी पुन्हा पुन्हा मोजत होते, जशी काही टेपच खोटं बोलत होती. शेवटी निमूट दोन पंख्यांचा आणला.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बसवायला घेतला. पप्पा मोबाइलचा उजेड धरून उभे, स्क्रू हरवू नयेत म्हणून हातात वाटी. रेडिएटरची हवा बाहेर जावी म्हणून कॅबिनेटचं वरचं झाकण काढून मी तिथे जाळी लावली. प्रोसेसरची उष्णता तांब्यात उतरावी म्हणून मधे लावतात ती पेस्ट लावते न लावते तोच बिल्डरच्या माणसाचा फोन. खांद्यावर फोन धरून, त्याला हो-हो करत मी ठोकळा टेकवला आणि स्क्रू आवळले. बटण दाबलं, दिवे लागले, आवाज जवळजवळ नाहीच. रात्र झाली होती, म्हणून लगेच बंद केला, चित्रं सकाळी बनवायला लावू म्हटलं. पप्पा एकदम खूश. खोकं फेकू नको म्हणाले, चांगलं जाड आहे.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. कंपनीत त्या दिवशी मशीन बंद. प्रत्येकजण आपापलं मशीन धुऊनपुसून काढणार, झेंडूचे हार घालणार, हळदकुंकू लावणार, नारळ फोडणार. घरच्यांनाही आत जाता यायचं. मी लहानपणी गेले की पप्पा माझं बोट धरून त्या काळ्या धुडापुढे न्यायचे आणि हे माझं मशीन म्हणून सांगायचे. पगारवाढ झाली तेव्हाही मी त्यांचा तसा चेहरा पाहिला नाही. रिटायर झाल्यावर पहिल्या खंडेनवमीला ते हार घेऊन घरभर फिरले आणि शेवटी माझ्या कॉम्प्युटरपुढे थांबले. तेव्हापासून दर वर्षी पूजा त्याचीच.

त्याही सकाळी त्यांनी पूजा केली. फुलाने पाणी शिंपडलं, अक्षता वाहिल्या, हार घातला. मी आंघोळ करून आले, उरलेली चित्रं लावली, आणि थोड्याच वेळात तापमान भराभर चढून कॉम्प्युटर बंद. परत लावला, परत बंद. बघते तर वरच्या जाळीवर पाण्याचे थेंब आणि अक्षता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी दसरा, बिल्डर डोक्यावर, आणि नव्या कूलरचं वाटोळं. मी म्हणाले, "पप्पा, हे काय तुमच्या कंपनीतलं मशीन आहे का, वाट्टेल ते ओतायला? तुमचं मशीन कधीच गेलं. या माझ्या वस्तूला हात लावत जाऊ नका."

"थोडंच शिंपडलं होतं गं," एवढंच ते म्हणाले.

त्यांनी हार उतरवला. सकाळचीच फुलं, टवटवीत होती अजून. जाळीवरच्या अक्षता एकेक करून चिमटीने उचलल्या, थेंब टिपले आणि चपला घालून खाली निघून गेले.

मी तणतणत कूलर उघडला. ठोकळा उचलला आणि हातातच राहिला. तांब्यावरचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद तसाच होता. बसवण्याआधी काढा असं त्याच्या कडेला इंग्रजीत छापलेलं, आणि मधोमध माझी पेस्ट चपटी होऊन बसलेली. तांबं प्रोसेसरला टेकलंच नव्हतं, गार काय कपाळ होणार. पाण्याचा एक थेंब आत गेलेला नव्हता. मला आधी हायसं वाटलं, चित्रं वेळेत होतील म्हणून. पप्पा त्यानंतर आठवले. याची मला अजून लाज वाटते.

कागद काढला, पुसून नवी पेस्ट लावली, आवळलं. मशीन गार राहिलं. तो कागद मी चुरगाळून कचऱ्याच्या पिशवीत खाली, भाज्यांच्या सालींखाली खुपसला आणि पिशवी बाहेर ठेवून दिली. कुणापासून लपवत होते? घरात दुसरं होतंच कोण.

पप्पा वर आले, दारातूनच विचारलं, झालं का चालू. तेव्हा सांगायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण मघाशी एवढं तोंड सोडलेलं, आता कुठल्या तोंडाने सांगू?

"झालं," मी म्हणाले. "पाणी वाळलं."

"वाळलं? बरं झालं बाई," असं म्हणून त्यांनी लांबूनच कॉम्प्युटरला हात जोडले.

चित्रं वेळेत गेली. बिल्डर खूश, पुढची कामं आली. पप्पा मात्र त्या कोपऱ्याकडे फिरकेनासे झाले. झाडू मारताना टेबलाखालचं तेवढं सोडायचे. चहा आणला तर कप लांब स्टुलावर ठेवून मला हाक मारायचे. रोज वाटायचं, आज सांगू. रोज काहीतरी काम निघायचं, किंवा मी काढायचे.

यंदाच्या खंडेनवमीला मी उठले तेव्हा पूजेची तयारी झाली होती. हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला पाट मांडलेला, आणि पाटावर कूलरचं ते रिकामं खोकं. पप्पांनी वर्षभर पलंगाखाली जपून ठेवलं होतं. खोक्यावर कूलरचं चित्र आहे, त्या चित्राला ते हळदकुंकू लावत होते.

मला बघून ओशाळले. म्हणाले, चित्र हाय की वर, पोचतंय त्याला.

माझा धीर सुटला. मी खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. तो कागद, माझा फोन, मी फेकलेली पिशवी. पाण्याने काही झालं नव्हतं पप्पा, चूक माझी होती, मी खोटं बोलले.

ते ऐकत होते, समजूतदारपणे मान हलवत. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. हळदीचा हात.

"राहू दे गं. माझं मन राखायला कशाला असं बोलायलीस? मी थेंब बघितलेत माझ्या डोळ्यानं."

मी शपथ घेतली. ते नुसते हसले. दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं, असतं तर तो कागद असता.

त्यांनी फुलाने खोक्यावर पाणी शिंपडलं. मग उठून कॉम्प्युटरपर्यंत गेले, एखादा थेंब तिथवर उडाला नाही ना हे वाकून बघितलं, आणि कोरड्याच जाळीवरून सदऱ्याची बाही फिरवली.