मेलेल्या केबलचा चटका

या सदरातले गूढ अनुभव वाचून मी आजवर फक्त हसत आलोय. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमावाला. करंट असेल तर शॉक, नसेल तर नाही... यापलीकडे माझी कशावरच श्रद्धा नव्हती. तरी लिहितोय, कारण यात मूर्ख ठरलेला माणूस मीच आहे. निदान तेवढा भाग तरी तुम्ही खरा मानाल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कुवेतमध्ये, अहमदीजवळ, पाइपलाइनसाठी चर खणायचं आमचं काम चाललं होतं. युद्धात जुने नकाशे गहाळ झालेले. वाळूखाली कुठे केबल, कुठे पाणी, कुठे गॅस — कोणालाच धड ठाऊक नाही. म्हणून नियम असा की आधी मी केबल शोधायचं मशीन फिरवायचं, मग माणसांनी हाताने खड्डा खणून खात्री करायची, आणि त्यानंतरच जेसीबी.

आणि मध्ये हा भिकाजी! देवगडकडचा, सातवी पास, मजुरांच्या टोळीचा प्रमुख. माझं मशीन फिरवून झालं की हा उकिडवा बसणार, वाळूवर तळहात टेकणार आणि म्हणणार, "हंय नको. वायच थंय सरका." दोनदा माझं मशीन चुकलं आणि त्याचा हात बरोबर निघाला. झालं! आमचा इजिप्शियन इंजिनियर परमिटवर सही करण्याआधी विचारायचा, "फेन भिकाजी?" म्हणजे, कुठाय भिकाजी? मी समोरच उभा, गळ्यात मशीन अडकवून... जत्रेतल्या फोटोग्राफरसारखा.

त्या हिवाळ्यात सुपरवायझरची एक जागा रिकामी होणार होती. सुपरवायझरला फॅमिली क्वार्टर. माझी सुनंदा चार वर्षं साताऱ्यात, त्याची बायको देवगडात, आणि आम्ही दोघं कॅम्पच्या एकाच खोलीत. जागा मिळणार एकाला, आणि ती त्यालाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. मी जळत होतो. त्याने केलेली कुळथाची पिठी खातानासुद्धा जळत होतो — आणि मागून मागून खात होतो.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, मी स्टोअरमागच्या भंगारातून जुन्या केबलचा दोनेक मीटरचा तुकडा उचलला. दोन्ही टोकं कापलेली. खांद्यावर टाकून अर्धा किलोमीटर वाहिला आणि दुसऱ्या दिवशी खणायच्या जागी पुरला. भिकाजी 'आहे' म्हणाला तर भंगार निघेल, 'नाही' म्हणाला तर केबल निघेल... दोन्हीकडून उघडा पडणार तोच. स्वतःच्या हुशारीवर मी रात्रभर खूश.

शनिवारी सकाळी भिकाजीने नेमका तिथेच हात टेकला आणि किंचाळून मागे घेतला. "चालू आसा! कोणाक उतरू देव नकात!"

माझं मशीन गप्प. पण इंजिनियर घाबरला. काम बंद. वीजखात्याचा माणूस आला, त्याने टेस्टर लावला, जपून वाळू सारली... आणि दोन मीटरचा भंगार तुकडा नुसत्या हाताने उचलून दाखवला. टोळीतला बिहारी वेल्डर ओरडला, "पंडितजी, अब हाथ की बैटरी बदलो!" सगळ्यात मोठ्याने हसलो मी. इंजिनियर मात्र हसला नाही. अख्खी सकाळ वाया गेली होती. आठवड्याभरात सुपरवायझर झालो मी.

पण त्याच शनिवारी संध्याकाळी खोलीवर पाहिलं, तर भिकाजी डाव्या हाताने जेवत होता. उजव्या तळव्यावर फोड आलेले, केबलच्या जाडीचा सरळ पट्टा. वाळू तापली असेल म्हणावं, तर जानेवारीची सकाळ, आम्ही जॅकेट घालून कुडकुडत होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या तुकड्याची चौकशी करायला स्टोअरकीपरकडे गेलो. मल्याळी माणूस, एकदम चिडला. "वो टुकड़ा तुम ले गया? उसको अलग रखा था! लड़ाई के पहले उसी केबल पे एक ऑपरेटर जल के मरा था."

मी तडक भिकाजीला गाठलं. "हात साहेबाला का नाही दाखवलास?"

"कित्याक? केबल मेलेलीच होती मां," तो म्हणाला. "आणि पाटणकरानू, शुक्रवारी तुमचो शर्ट खांद्यार काळो झाल्लो. पुरलास तुम्ही, ता माका ठावक होता."

"मग ओरडलास कशाला? हसं होणार हे कळत होतं ना?"

"हाताक लागला ता लागला. माणसा खाली उतरणार होती. गप कसो रवू?"

मार्चमध्ये सुनंदा आली. तिला यातलं काही मी कित्येक वर्षं सांगितलं नाही.

करंट नसलेल्या केबलने तळहात कसा भाजतो, याचं उत्तर माझ्या डिप्लोमात नाही, आणि ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्या डिग्रीतही सापडलं नाही. लोक विचारतात, भीती वाटते का? छे! तोच तुकडा मी अर्धा किलोमीटर खांद्यावर वाहिला, मला साधी झिणझिणीसुद्धा आली नाही. त्या मेलेल्या ऑपरेटरलासुद्धा आपलं जळणं सांगायला भिकाजीच बरा वाटला... आणि खरं सांगतो, त्याच्या जागी मी असतो तर मलाही तोच वाटला असता. म्हणून तर अजून जळतोय.