दहापैकी नऊ

काल कॉलेजच्या कट्ट्यावर मित्राने बॅगेतून एक टणक पारदर्शक डबी काढली. आत बंद असलेल्या कार्डावरच्या पक्ष्याचे सोनेरी पंख इकडच्या हिंदी मुलखातल्या सीतापुऱ्याच्या धुरकट उन्हात असे लखलखले, की मी डबी त्याच्या हातून ओढूनच घेतली. डबीवर नऊचा आकडा होता. दहापैकी नऊ. तज्ज्ञ म्हणे भिंगाखाली कडा, कोपरे, रंग तपासून असे गुण देतात. चांगले पडले तर कार्डाचा भाव कितीतरी चढतो, नाही पडले तर फी पाण्यात. "तुझंही पाठव ना," तो सहज म्हणाला. "मतलब, तेच तर कार्ड आहे."

तेच होतं. पाचवीत असताना रेल्वे कॉलनीच्या फाटकाजवळच्या दुकानातून आम्ही एकाच दिवशी चित्रांच्या कार्डांची पाकिटं घेतली आणि दोघांनाही तोच पक्षी निघाला. त्याचे वडील बँकेत अधिकारी. त्याने कार्ड अल्बममध्ये सरकवलं आणि विसरून गेला. मी ते कितीतरी दिवस उशाशी घेऊन झोपलो. खरं सांगू का, मला त्याच्या नवाइतकाच त्या विसरण्याचाही हेवा वाटतो. एखादी वस्तू नुसती ठेवून द्यावी, हात न लावता तिची किंमत वाढू द्यावी, हे काही घरांत न शिकवता येतं. आमच्याकडे प्रेम म्हणजे हाताळणं. तुमच्याही घरी तसंच असेल तर तुम्हाला कळेल.

शेवटच्या वर्षासाठी मला लॅपटॉप हवा आहे. कार्ड विकून तो येईल असं मनाशी धरून मी काल संध्याकाळीच जुन्या कार्डांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. पण त्याहूनही मला दहाचा आकडा हवा होता, मित्रापेक्षा एक जास्त. व्यापाऱ्याने कार्ड उजेडात तिरकं धरलं. "भैया, ये लॅमिनेशन किसने करवाया?"

बाबांनी. बाबा अकोल्याकडचे, सातवी शिकलेले, रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन. मोलाचा कागद त्यांना एकाच रीतीने जपता येतो. बदलीची ऑर्डर, माझ्या गुणपत्रिका, सगळं लॅमिनेट केलेलं. प्रवेशाच्या वेळी कॉलेजचा बाबू कुरकुरला होता, यावर शिक्का कुठे मारू म्हणून. माझा जीव कार्डावर आहे हे पाहून त्यांनी तेव्हा तेही लॅमिनेट करून आणलं होतं.

"जिसने करवाया, प्यार से करवाया होगा," व्यापारी म्हणाला. "पर ग्रेडिंगवाले इसे लेंगे नहीं. फीस मत फूँको." मित्राला सांगितलं तर तो हसला. "अरे, इस्त्रीने तापव. निघतं हळूहळू. मग पाठव."

म्हणून आज दुपारी मी कार्डावर कापड ठेवून इस्त्री फिरवली आणि एक कोपरा नखाने उचलला. प्लॅस्टिकबरोबर सोनेरी रंगाची बारीक साल निघून आली. तेवढ्यात बाबा ड्यूटीवरून आले. माझ्या हातातलं कार्ड त्यांनी पाहिलं.

"काऊन रे, सुटून राहिलं काय ते?" डबा खाली ठेवत ते म्हणाले. "दे इकडं. दुसरं करून आणतो."

मी दिलं. ते पाणीही न पिता पुन्हा चपला घालून निघाले. शर्टाच्या खिशात कार्ड आणि खिशावर हात.

मित्राचा हेवा गेलेला नाही, हे कबूल करायला हवं. लॅपटॉपसाठी आता शिकवण्या शोधीन. इतकी वर्षं तो पक्षी बाबांच्या त्या प्लॅस्टिकखाली जसाच्या तसा होता. कोपऱ्यावरचा रंग गेला तो आज, माझ्या हातून. तो पुन्हा येत नाही, हे त्यांना माहीत नाही. मी सांगणारही नाही.