तिळाएवढा तुकडा

लतिका बावणेनं एकोणीस वर्षांत हजारो लोकांच्या पोटातले तुकडे कापले होते, पण त्यांतलं जवळजवळ कोणीच तिच्या नजरेस पडलं नव्हतं. धंतोलीतल्या एका लॅबमध्ये ती तंत्रज्ञ होती. दुर्बीण टाकून काढलेला कण मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, यंत्रावर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे, एवढं तिचं काम. निदान डॉक्टर मुग्धा घाटे करत.

मार्चमध्ये काटोलहून माया नावाची बाई असाच एक ठोकळा घेऊन आली. तो तिच्या सासूचा, पार्वतीबाईंचा. दुसरीकडच्या अहवालात जठराचा नेहमीचा कॅन्सर म्हटला होता, आणि जठर काढायला सोमवार ठरला होता. सर्जनलाच खात्री वाटेना, म्हणून त्यांनी तिला इकडे धाडलं होतं.

ठोकळ्यासोबत आलेली जुनी काच पाहून डॉक्टर घाटेंना वेगळीच शंका आली. हा लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर असावा. तो जठरात क्वचितच सुरू होतो, आणि त्याला बहुधा ऑपरेशन लागत नाही. खात्रीसाठी सहा कापांना सहा वेगळे रंग द्यावे लागणार होते. ठोकळ्यात उरला होता तिळाएवढा तुकडा. नवा घ्यावा तर मागच्या खेपेस पार्वतीबाईंना रक्तस्राव झालेला.

माया काउंटरशी उभी होती. "ताई, पोट काढाच लागन का वं?"

"ते मले नाही सांगता येत," लतिका म्हणाली. "पण शनिवारपर्यंत थांबा."

तिनं ठोकळा बर्फावर ठेवला, पातं बदललं, पंखा बंद केला. ठोकळा सरळ बसवण्यातच अर्धा तास गेला. वाकडा बसला असता तर पहिल्याच फेऱ्यात निम्मा तुकडा वाया गेला असता. पहिला काप सुरकुतला. पुढचे पाच नीट निघाले आणि मग नुसतं मेण लागलं. सुरकुतलेला टाकायचा असतो. तिनं तो पाण्यावर सोडला आणि कुंचल्यानं हळूहळू पसरवला. ऊब लागून तो सैल झाला. सहावी काच भरली.

शनिवारी निदान पक्कं झालं: लिम्फोमाच. ऑपरेशन रद्द झालं. पार्वतीबाईंना सहा वेळा केमो घ्यावी लागली. केस गेले, तोंडाची चव गेली, जठर मात्र राहिलं. डिसेंबरातल्या तपासणीत आजार सापडला नाही. तो अहवाल लॅबमधून न्यायला माया आली, तेव्हा लतिका जेवायला गेली होती.