प्रेसखालची काकडी

आपा चिडली की कीबोर्ड फुटायचा. वाळूजच्या आमच्या छोट्या कंपनीत पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसचे प्रोग्रॅम आम्ही लिहायचो आणि ते तपासायचं काम आपाकडे. तिनं टेबलाच्या कडेवर आपटलेल्या कीबोर्डची बटणं पुढे कितीतरी दिवस केरात सापडत. आम्ही तिला टरकून असायचो आणि तिच्यावर जीवही टाकायचो.

आमच्या सगळ्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम. कारखान्यांतल्या जुन्या प्रेसच्या कॉम्प्युटरवर मात्र कुठे नेटबीएसडी, कुठे ओपनबीएसडी. सगळी लिनक्सचीच भावकी, पण प्रत्येकाच्या घरचे रिवाज वेगळे. "लिनक्सवर चाललं म्हणून नाचू नको," आपा म्हणायची. "प्रेसला तुझा लॅपटॉप ठाऊक नाय."

तिची रीत ठरलेली होती. बजाजनगरच्या बाजारातून काकडी आणायची आणि लांब चिमट्यानं शेडमधल्या चाचणीच्या प्रेसखाली धरायची. आत काहीही आलं की प्रेस जागीच थांबली पाहिजे. नाही थांबली, तर काकडीचा चोथा लिहिणाऱ्याच्या शर्टावर बसायचा. तिच्या धाकट्या भावाचा उजवा पंजा अशाच प्रेसखाली गेला होता, त्यामुळे तिला कुणी उलट बोलत नसे.

गेल्या वर्षी आमच्या मालकांना, साहेबांना, घाई झाली. एका नव्या प्रोग्रॅमची नेटबीएसडीवरची चाचणी राहिली होती. "लिनक्सवर मी स्वतः बघितलंय. उद्या कारखान्यात बसवून टाका," ते म्हणाले. आपानं त्यांचं मनगट धरलं आणि फरफटत शेडमधल्या, नेटबीएसडीवर चालणाऱ्या प्रेसपाशी नेलं.

"ठेवा हात. तुमी बघितलंय ना?"

साहेब पांढरे पडले. मी मध्ये गेलो तर आपाचं कोपर माझ्या नाकावर बसलं आणि रक्ताची धार लागली. मग तिनं मनगट सोडलं, काकडी आत धरली आणि बटण दाबलं.

प्रेस थांबली नाही. आमचा प्रोग्रॅम सेन्सरची खबर लिनक्समधल्या ठरलेल्या जागी शोधत होता. नेटबीएसडीत ती जागाच नव्हती, आणि खबर नाही म्हणजे धोका नाही, असं त्यानं धरलं होतं. साहेबांच्या चष्म्यावर काकडीच्या बिया चिकटल्या.

प्रोग्रॅम कारखान्यात जायचा थांबला, पण मालकावर हात टाकला म्हणून आपाला त्याच दिवशी काढलं. गेटपाशी तिनं माझ्या नाकाकडे पाहिलं. "लई लागलं का रे?"

"व्हय."

"लागू दे. नाक भरून येतं."

तिची फार आठवण येते. आता काकडी मी आणतो. प्रोग्रॅम पाठवण्याआधी साहेब स्वतःच विचारतात, "काकडी झाली का?" आपाला परत बोलवू का, असं मी विचारलं, की मात्र ते चष्मा पुसत बसतात.